विमलताईंनी घातलेली वेणी

मी दोन दिवसांसाठी कामोठ्याला बहिणीकडे गेले होते. सकाळी चहा घेताना आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, टाकी साफ करायची आहे, दुपारपर्यंत पाणी येणार नाही. त्याच्याच खाली दुसरा मेसेज होता: ‘अकराव्या मजल्यावरच्या विमलताई आज पहाटे गेल्या.’ मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत मध्येच कुणीतरी विचारलं होतं, पाणी नक्की कधी येणार? बहीण म्हणाली, “अगं, चहा निवला.” काय सांगणार होते तिला? विमलताई माझ्या कुणीच लागत नव्हत्या. समोरच्या दाराच्या शेजारीण, एवढंच नातं. आणि तरी त्या क्षणी मला वाटलं, की आता खारघरला परत जायचं ते कशासाठी…

माझे मिस्टर गेले त्या वर्षी विमलताईंनी माझं दार वाजवलं होतं. हातात पेपर. “तुम्हाला वेळ असतो का हो दुपारी? माझे डोळे आता मथळ्याच्या खाली उतरत नाहीत.” तेव्हापासून मी त्यांना पेपर वाचून दाखवू लागले. सांत्वनाचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. मला काम दिलं, बस. मी सरकारी कार्यालयात मराठी लघुलेखक होते हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातला पेपर काढून घेतला. मग म्हणाल्या, “म्हणजे मी बोलेन तसं उतरवून घ्याल?”

“आयुष्यभर त्याचाच तर पगार घेतला.”

“मग एक पुस्तक उतरवून घ्यायचंय. पगार मिळणार नाही.”

असं ते पुस्तक सुरू झालं. आणीबाणीत त्या तुरुंगात होत्या हे मला तोवर माहीतच नव्हतं. इमारतीत कुणालाच नव्हतं. सगळ्यांच्या लेखी त्या एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, मुलगी बंगळुरूला. पहिल्या दिवसाचं लिखाण मी टाइप करून वाचून दाखवलं. साहेबांच्या पत्रांची सवय लागलेली, त्यामुळे मी आपलं लिहिलं होतं, ‘मला राहत्या घरातून अटक करण्यात आली.’ ताईंनी हात वर केला. “करण्यात आली कशाला? ते आले आणि त्यांनी मला नेलं. कुणी नेलं ते वाक्यात दिसू दे.” पुढं वर्षभर मी ते ‘करण्यात आले’ वेचून वेचून काढत होते.

ताई तेव्हा नाशिककडच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवायच्या. आणीबाणी लागल्यावर त्यांचे यजमान भूमिगत झाले. ताई घरातच पत्रकांच्या प्रती काढायच्या. धान्याच्या कोठीमागे सायक्लोस्टाइलचं यंत्र लपवलेलं असायचं आणि शाळेत जाताना डब्याच्या पिशवीतून पत्रकं बाहेर पडायची. एका दुपारी पोलीस आले, तेव्हा ताई लेकीला, स्मिताला, वरणभात भरवत होत्या. दीड वर्षाची पोर. “एवढा भात भरवते आणि येते,” त्या म्हणाल्या. अधिकारी थांबला खरा, पण पोरीनं नेमकं तेव्हाच तोंड घट्ट मिटून घेतलं. सासूबाई पुढे आल्या. त्यांना राजकारणातलं काही कळत नव्हतं, सुनेचं सभांना जाणंही त्यांना कधी आवडलं नव्हतं. त्यांनी ताटली काढून घेतली, पोरीला काखोटीला मारलं आणि म्हणाल्या, “तू जा. हिला मी बघते. मागं वळून बघू नको, रडंल ती.” ताईंनी वळून बघितलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात बदलला नाही. माझ्याच पेन्सिलीचं टोक तुटलं.

तुरुंगावरची प्रकरणं लोक ज्या अपेक्षेनं उघडतात, तसं त्यांत काही नाही. “मला कुणी मारलं नाही,” हे ताईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्यांच्यावर आरोप नव्हता, खटला नव्हता, आणि म्हणून सुटकेची तारीखही नव्हती. “शिक्षा झालेल्या बायका दिवस खोडायच्या. आम्ही काय खोडणार?” बराकीत राजकीय कैदी बायका मोजक्याच, त्यात विमलताईंच्या वयाची एक होती, नलिनी. कोकणातली. तिचा नवराही दुसऱ्या तुरुंगात, घरी मोठं माणूस कुणी नाही, चार वर्षांचा मुलगा शेजाऱ्यांच्या भरवशावर. पुस्तकात ताईंनी तिचं नाव बदलून शालन केलं. अधूनमधून अधिकारी यायचा. हमीपत्रावर सही करा, यापुढे कशात भाग घेणार नाही असं लिहून द्या आणि घरी जा. सगळ्याजणी नाही म्हणायच्या. एक दिवस शेजाऱ्यांचा निरोप आला, की मुलगा आजारी आहे आणि आम्हाला आता सांभाळणं होत नाही. नलिनीनं सही केली. त्या संध्याकाळपासून बराकीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचं अंथरूणसुद्धा बाजूला सारलं. सुटायच्या सकाळी ती एकटीच गाठोडं बांधत होती, तेव्हा विमलताईंनी तिला समोर बसवलं, तिचे केस विंचरले आणि वेणी घातली. पुस्तकातला हा परिच्छेद चार ओळींचाच आहे.

ताई सुटून घरी आल्या तेव्हा स्मिता आजीला ‘आई’ म्हणत होती. या नव्या बाईला काय म्हणायचं हे कुणी शिकवलं नाही. शाळेतली माणसं ‘ताई’ म्हणत, तीही म्हणू लागली. ते तसंच राहिलं. पन्नाशीची स्मिता फोनवर “ताई, गोळी घेतली का?” विचारायची तेव्हा मला सुरुवातीला वाटायचं, धाकटी बहीण असेल. मी एकदा विचारलं, “कधी दुरुस्त का नाही केलंत?” ताई म्हणाल्या, “सासूबाईंचं नाव कसं काढून घेऊ? त्यांनी ते कमावलं होतं.”

पुस्तकाचं प्रकाशन वाशीतल्या एका सभागृहात झालं. जुने सहकारी आले होते, काठ्या टेकत, एकमेकांना मोठ्यानं हाका मारत. त्यांच्यातलेच एक, पुढे बरेच मोठे झालेले गृहस्थ बोलायला उभे राहिले. विमलताई कशा वाकल्या नाहीत, हे त्यांनी फार छान सांगितलं आणि मग म्हणाले, “काहींनी मात्र गुडघे टेकले. या पुस्तकातल्या शालनसारख्यांनी आमच्या लढ्याला डाग लावला.” टाळ्या पडल्या. ताई माझ्या शेजारी होत्या. त्या उठल्या, माझा दंड धरून चाचपडत माइकपर्यंत गेल्या.

“मी सही केली नाही याचं कौतुक आता पुरे,” त्या म्हणाल्या. “माझी लेक तापानं फणफणलीय असा निरोप आला, तेव्हा मीपण पेन मागितलं होतं. पेन हातात होतं माझ्या. तेवढ्यात सासूबाई भेटीला आल्या. म्हणाल्या, पोरीचा ताप उतरला, तू तुझं बघ. म्हणून मी पेन परत दिलं. शालनला सासू नव्हती. तिचा मुलगा शेजाऱ्यांच्या ओट्यावर झोपत होता. बाहेर राहिलेल्यांपैकी कुणी त्याला भाकरी नेऊन दिली होती का? ते सांगा, मग डागाचं बोलू.”

हे पुस्तकात नव्हतं. मीही पहिल्यांदाच ऐकत होते. परतताना टॅक्सीत मी विचारलं, “ताई, हे मला का नाही उतरवून घ्यायला लावलंत?” त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. “धीर झाला नाही,” म्हणाल्या. “पुस्तकात तरी शूर राहावं असं वाटलं.”

त्यानंतर त्यांचा फोन शांत झाला. आधी जुन्या लोकांचे फोन यायचे, वाढदिवसाला कुणी पेढे पाठवायचं, ते सगळं थांबलं. कुणी भांडलं नाही, नुसतं थांबलं. फक्त स्मिताचा फोन आला. त्या भाषणाचा व्हिडिओ फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. “ताई, तू पेन मागितलं होतंस… हे मला कधी बोलली नाहीस.” ताई म्हणाल्या, “तू कधी विचारलं नाहीस, बाळा.” पुढचं ऐकायला मी थांबले नाही, माझ्या घरी आले. त्यानंतर स्मिता जरा जास्त वेळा फोन करायची. सुट्टीत आली तर चार दिवस राहायची. तेवढं मात्र त्या भाषणानं मिळालं.

आणि एक दिवस नलिनीबाई आल्या. मुलगा बंदराजवळच्या द्रोणागिरीला गोडाऊनवर सुपरवायझर, त्या त्याच्याकडेच राहत होत्या. इतकी वर्षं या दोघी रिक्षानं तासाभराच्या अंतरावर होत्या आणि एकमेकींना पत्ता नव्हता. दार मीच उघडलं. ताई आवाजावरून ओळखतील असं मला वाटलं, पण त्या बाईंना स्वतःचं नाव सांगावं लागलं. ताई उठून उभ्या राहिल्या, हात पुढे केला. नलिनीबाईंनी तो धरला नाही.

“नाव बदललंस आणि गाव तसंच ठेवलंस,” त्या म्हणाल्या. “सूनबाईनं पुस्तक आणलं वाचायला. मला विचारते, आई, ही शालन तुमच्याच गावची, तुम्ही ओळखत असाल ना?”

“मग?”

“नाही ओळखत म्हटलं. काय सांगू? पोराला पण ठाऊक नाही. नवऱ्यानं मरेपर्यंत ऐकवलं ते पुरे नव्हतं का? आता तू पुस्तकात घातलंस, वर भाषणं करतेस. तुला कुणी सांगितलं होतं माझी बाजू घ्यायला?”

ताईंनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. “तुला विचारायला हवं होतं,” म्हणाल्या. “शोधायला हवं होतं. चुकलं माझं, नलू.” मी आत जाऊन कुकर लावला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. नलिनीबाई जेवायला थांबल्या. दोघी समोरासमोर बसून आमटीभात जेवल्या, बोलल्या त्या गुडघ्यांबद्दल आणि साखरेबद्दल. निघताना त्या दारात म्हणाल्या, “परत येईन म्हणून वाट बघू नकोस.”

ताईंनी बघितलीच. शेवटच्या महिन्यांत त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मी वाचत असायचे आणि मध्येच त्या बोट वर करायच्या. “लिफ्ट थांबली का आपल्या मजल्यावर?” बहुतेक वेळा कुरिअरवाला असायचा. मी नाही म्हटलं की त्या म्हणायच्या, “बरं. कुठपर्यंत आलो होतो आपण?”

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मांडलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्या रिकाम्या होत्या. सेक्रेटरी बोलले, की ताई मेंटेनन्स नेहमी वेळेवर भरायच्या. एक जुने सहकारी आले होते, ते त्यांच्या निर्धाराबद्दल बोलले आणि वाशीच्या भाषणाचा उल्लेख त्यांनी टाळला. स्मिता पुढच्या रांगेत, हातात न उघडलेली पाण्याची बाटली. आता आणखी कुणी बोलणार का, असं विचारल्यावर मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नलिनीबाई. शेजारी चाळिशीची सून.

“मी नलिनी,” त्या जागेवरूनच म्हणाल्या. “पुस्तकातली शालन. सही केलेली.” सून चमकून त्यांच्याकडे बघत होती. नलिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. “सुटायच्या दिवशी बराकीत कुणी माझं तोंड बघत नव्हतं. हिनं मला बसवलं. केसांतल्या उवा काढल्या, वेणी घातली. म्हणाली, नीट दिसायला पाहिजेस, पोरगा घाबरेल नाहीतर… वेणीचं पुस्तकात आहे, एवढं मात्र तिनं लिहिलेलं नाही. म्हणून सांगितलं.” सुनेनं उठून त्यांच्या कोपराला धरलं, हळूच खाली बसवलं आणि आपल्या पर्समधला रुमाल दिला. स्मिता पुढच्या रांगेतून उठली, सगळ्या रिकाम्या खुर्च्या ओलांडत मागे गेली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. नलिनीबाईंचं खरं नाव मी इथे लिहिते आहे ते त्यांनी तशी मुभा दिली म्हणून. “आता लिही,” म्हणाल्या, “गाव पण लिही हवं तर.” गाव मी लिहिलेलं नाही.

स्मितानं फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरवलंय. सामान गेलं, किल्ली माझ्याकडे ठेवून ती बंगळुरूला परतली. गेल्या आठवड्यात रंगारी आला म्हणून मी दार उघडून दिलं. रिकामं घर इतकं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. ताई खाली बागेत कधी फिरल्या नाहीत, रोज संध्याकाळी हॉलमध्येच चालायच्या, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. बराकीत लागलेली सवय. नजर गेल्यावर त्या भिंतीला बोटं टेकवून चालत. घर रिकामं झालं तेव्हा नजरेत भरलं, भिंतीवर कमरेच्या जरा वर एक करडी रेघ उमटली आहे, खिडकीपासून थेट दारापर्यंत. मध्ये जिथे कपाट होतं तिथे ती तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते.

रंगाऱ्यानं त्यावरून अंगठा फिरवला. “मॅडम, ये दाग ऐसे नहीं जायेगा. घिसके पुट्टी मारना पडेगा.”

“उद्या सुरू करा,” मी म्हटलं. “आज राहू दे.”

तो डबे तिथेच ठेवून गेला. मी दार लोटून घेतलं, चप्पल काढली आणि भिंतीला बोटं लावून खिडकीकडे चालू लागले.