खंडेनवमीला चाललेला प्रोग्रॅम

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलं होतं: अत्याधुनिक वर्कस्टेशन, सी, पास्कल, फोर्ट्रान, सर्व भाषा उपलब्ध. छापायला काय जातंय! यंत्र एक, मेमरी सोळा एमबी, आणि त्याच्यावर लटकलेले खोलीभर टर्मिनल. भाषा होत्या, त्यांना बसायला जागा नव्हती. मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो. ‘मेमरी वाढवा, नाहीतर फी परत करा!’ गेटवर उभा राहून वाटायचो.

वर्गातल्या एका मुलीचं तर वर्षच टांगणीला लागलेलं. वडिलांची शिरोलीत छोटी फौंड्री. साच्यात ओतलेलं लोखंड कुठं सगळ्यात शेवटी थिजतं, म्हणजे पोकळी कुठं पडणार, हे सांगणारा फोर्ट्रान प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. टर्मिनल भरले की तो मध्येच मरायचा: मेमरी अपुरी. संध्याकाळी यंत्रच बंद. दिवाळीनंतर उत्तर दाखवलं नाही तर प्रोजेक्ट रद्द, सरांनी बजावलं होतं.

खंडेनवमीला सकाळी ती म्हणाली, “पूजा झाली की आज कोण हात लावणार न्हाय. पण प्राचार्य येणार म्हणून यंत्र चालूच ठेवतात. अख्खी मेमरी रिकामी की!”

लॅबचे शिपाई मामा पूजेचं ताट घेऊन उभेच होते.

“मामा, पूजेआधी हात लावला तर चालतंय न्हवं?”

“आधी लाव की. कुंकू लागल्यावर बोट लावशील तर बघ!”

प्रोग्रॅम चालवून उत्तर छापायची एक ओळ तिनं टाइप केली आणि मागं सरली. मामांनी मॉनिटरला कुंकू लावलं, प्रिंटरवर झेंडूची माळ घातली. प्राचार्य येऊन गेले. काचेच्या दाराला कुलूप लागलं.

आम्ही बाहेर पेढे खात बसलो. मी म्हणालो, “बंद पडलंय वाटतं गं. डिस्कचा दिवा बघ, हलत न्हाय.”

“तेच तर! रोज जागा पुरत न्हाय म्हणून डिस्कवर उचलठेव चालती, दिवा फडफडतो. आज सगळं मेमरीतच मावलंय.”

मी बघतच राहिलो. समोर माळ घातलेला मुका डबा. आत कढत लोखंड कणाकणानं निवत होतं. पूजाअर्चेवर आग ओकणारी पत्रकं काढलेला मी, काचेला नाक लावून उभा!

दुपारी प्रिंटर कर्रकर्र ओरडला. माळ घसरून खाली. मामा धावत आले. “कुणी हात लावला रं?”

“कुणीच न्हाय, मामा. कुलूप तुमचंच हाय की!”

मामांनी आत पाहिलं आणि हात जोडले. मला हसू आलं नाही.

“मामा, कागद तेवढा...” ती दाराशी आली.

मामांनी कुलूप काढलं. “कागद आपणहून आलाय. घे. यंत्राला बोट लागता कामा नये.”

तिनं श्वास रोखून, दोन चिमटीत धरून कागद फाडला. आकड्यांवरून बोट फिरवत एका जागी थांबली. “पोकळी इथं पडती, ओतीव दांड्याच्या बुडाशी. बाबांचा माल तिथंच फुटतो.”

मग ती जी खाली बसली, ती कागद उराशी धरूनच.

मी तिथंच पत्रकाच्या पाठीवर लिहायला घेतलं: हे यंत्र एवढं करू शकतं, मग वर्षातून एकच दिवस का?