घोड्याच्या घरातलं प्यादं

बाबा हरलेच नव्हते! बाळकुमच्या आमच्या स्वयंपाकघरात, कुकर शिट्ट्या मारत असताना मला हे कळलं आणि मी एकटीच केवढ्यांदा तरी ओरडले.

त्याचं असं झालं. बाबा तरुणपणी कोकणातून डोंबिवलीला केमिकल कंपनीत लागले आणि गावाकडे सासरी असलेल्या थोरल्या बहिणीशी, म्हणजे माझ्या आत्याशी, पोस्टकार्डांवर बुद्धिबळ खेळायला लागले. एका कार्डावर एक चाल. 'सासूबाईंचा खोकला तसाच आहे. यंदा फणस कमी. माझा उंट तुझ्या हत्तीवर आलाय, सांभाळ.' असली तिची कार्डं. बाबा प्रत्येकाच्या कोपऱ्यात आपलं उत्तर पेन्सिलीने टिपून ठेवायचे. शेवटी त्यांनी 'हरलो' म्हणून कळवून टाकलं आणि त्यानंतर पटाला हात लावला नाही. मला शिकवायलासुद्धा नाही!

आत्या आता मुलाकडे कल्याणला असते. दर भाऊबीजेला ओवाळताना म्हणते, "ये रे हरलेल्या." सगळे हसतात. बाबाही हसतात, पण घरी आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलत नाहीत. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला ते अजून लागायचं, आणि मला भयंकर राग यायचा. आत्याचा नाही, त्या मेल्या डावाचा.

म्हणून मी या वयात मोबाईलवर बुद्धिबळ शिकले, बाबांकडून ती कार्डं मागून आणली आणि चालीमागून चाल मांडत शेवटाला पोचले. आत्याचा वजीर पुढच्याच चालीत मात करणार, हे तर दिसत होतं. पण बाबांचं एक प्यादं शेवटच्या ओळीच्या अगदी तोंडाशी उभं! ते एक घर सरकवलं की त्याचा वजीर होतो, मात अडते आणि डाव बाबांचा. मोबाईल ठासून तेच सांगत होता. मी गॅस बंद केला, पट काखेत मारला आणि तडक डोंबिवलीला बाबांचं घर गाठलं.

प्याद्याचा वजीर करून मी मांडलेला पट बाबांनी पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"अगं वेडे, हे घोड्याचं घर."

"मग?"

"आम्ही देशी खेळायचो. प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच होतं. वजीर कुठला मिळायला? घोडा मिळणार. आणि एवढ्या अडचणीत एक घोडा घेऊन मी काय करू?"

माझं तोंड एवढंसं झालं. मोबाईलला देशी नियम काय माहीत! आणि मला तरी कुणी सांगितले होते? "घ्या मग तुमचा घोडा," म्हणत मी तो वजीर उचलला आणि तिथे घोडा आपटला.

आणि दोघंही पटावर वाकलो. घोड्यापासून अडीच घरांवर एकीकडे आत्याचा राजा, दुसरीकडे तिचा वजीर. राजाला शह! राजा हलवावाच लागणार, आणि घोडा वजीर खाणार.

"आयला!" बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. ते उठले, बसले, परत उठले. "घोडा होणार एवढंच बघितलं गं मी. तो घोडा काय करेल, ते बघितलंच नाही. जिंकत होतो मी! जिंकत होतो!" डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

त्यांनी लगेच फोन लावायला लावला. स्पीकरवर.

"ताई, घोडा! प्याद्याचा घोडा, आणि तुला शह!"

आत्या म्हणाली, "दिसला का एकदाचा? तुझं हरल्याचं कार्ड आलं, त्याच संध्याकाळी दिसलेला मला."

"मग बोलली का नाहीस? आयुष्यभर हरलेल्या, हरलेल्या करतेस!"

"अरे, चिडवलं तर चिडून तरी परत पट मांडशील, म्हणून. तू कसला मांडतोयस! तोंड फुगवून बसलास."

बाबा एकदम आवाज चढवून म्हणाले, "ते जाऊ दे. शह दिलाय. राजा हलव."

"हलवते. पण तू इकडे ये. पोस्टाने नको आता. तेवढा वेळ नाही रे माझ्याकडे."

बाबांनी फोन तसाच माझ्या हातात दिला आणि शर्ट चढवायला लागले.