पियानोची पाळी

त्या संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. पेरणीचं बियाणं. बायको तिचं ते शब्द नसलेलं गाणं म्हणत होती, नुसतं आऽ आऽ. मधेच थांबली. मी टोपलं ओढत विचारलं, "झालं का वं?"

"घ्या! बोललेच मधात. पियानोची पाळी हाय आता."

"कुठं हाय पियानो? मले तं म्हैसच ऐकू येऊन राह्यली."

"तुमाले तेच ऐकू येईन."

तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं आन् ती पळाली. गाणं तिथंच राहिलं.

हे भांडण आमचं जुनं. महाराष्ट्र झाला त्या साली चिखलीच्या मिशन बंगल्यावर एक गाणाऱ्या मडम आल्या, आणि बायको तिथं झाडलोटीला लागली. मडम सकाळी पियानोवर बसून गायच्या. बरीच गाणी त्यांच्या मुलखाच्या भाषेतली. ती हिच्या जिभेवर बसली नाहीत. एकाला मात्र शब्दच नव्हते. ते हिनं फरशी पुसता पुसता उचललं. मी म्हणायचो, देवाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, हे कसलं गाणं? ती म्हणायची, आपल्या भजनात पेटी गाणाऱ्याच्या मागं मागं फिरते, तिथं पियानोचं बोलणं येगळं असते. तो बोलू लागला की गाणाऱ्यानं गप ऐकायचं, मग पुढं म्हणायचं. म्हणून घरीही ती मधे थांबायची, मान हलवत ऐकायची. तिला ऐकू यायचं. मला नाही.

पहाटे तिच्या छातीत कळ आली. गाडीला बैल जुंपेपर्यंत ती गेली. दुपारी सगळं उरकलं.

लोक येत होते, रडत होते. मी उठत होतो, बसत होतो, पुन्हा उठत होतो. डोक्यात ते आऽ आऽ त्या जागेपर्यंत यायचं आन् अडकायचं. तिथं काय वाजते ते तिलाच माहीत होतं, आन् तिला तर जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टोपी घातली, तिकिटाचे पैसे खिशात टाकले. पोरगा आडवा आला.

"बाबा, सुतकात कुठं चालले? लोक इचारतीन."

"परसाकडे गेला म्हन."

"यष्टीनं?"

मी निघालो.

बंगल्याचं दार मडमनंच उघडलं. "बाई काल आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

"मेली. काल." तोंडातून असंच निघालं. त्या दार धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "तिचं ते गाणं वाजवा. पियानोचं तेवढं."

"कोणतं गाणं, काका?"

आता शब्दच नाहीत तर कोणतं म्हणून सांगू? जन्मात कधी गायलो नाही. भजनातही टाळ धरून मागं बसणारा मी. तिथंच पायरीवर, चपला हातात घेऊन, आऽ केलं. रेड्यासारखा आवाज. मडम हसल्या नाहीत. आत जाऊन पियानोवर बसल्या. ती थांबायची तिथं मी थांबलो.

वाजलं. फार मोठं काही नव्हतं. खालचे थोडे सूर, हळू, घरात कोणी अनवाणी चालावं तसे. मग पियानो थांबला आणि मडमनं माझ्याकडं पाहिलं. पाळी बायकोची होती.

पुढचं मला येत होतं. मी म्हटलं.