पाचव्या जागेबद्दल न लिहिलेलं

सुवा बंदरावरच्या बोट कंपनीत अकानिसीला सगळे 'मास्तरीण' म्हणत. कंपनीच्या संगणकात माल नोंदवणारी, भाडं काढणारी, बोटीतली जागा विकणारी अशी बरीच टूल्स होती. ती कशी वापरायची ते सोप्या भाषेत लिहून ठेवणं हे तिचं काम. पोरगी लाऊ बेटांवरची. लहानपणी अर्ध्या गावाचे अर्ज तिनेच भरले होते, त्यामुळे मोघम लिहिलेलं तिला खपतच नसे.

मग कंपनीने एआय एजंट आणला. बुकिंग यापुढे तोच घेणार होता. ऑफिसात त्याचं नाव पडलं 'नवा बाबू'.

"अका, बाबूला आपल्यासारखं इकडून तिकडून कानावर येत नाही," साहेब राजनील म्हणाला. "तू लिहिशील तेवढंच त्याला ठाऊक. कुठलं टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही, सगळं लिही."

"आणि तुझे पांचट विनोद?"

"ते लिहू नकोस. बिचारा पहिल्याच दिवशी राजीनामा देईल."

तिने जीव ओतून लिहिलं. अडली ती एकाच ठिकाणी. लाऊला जाणाऱ्या बोटीवर मालाची पाचवी जागा कायम मोकळी सुटायची. कुठला माल कुठे चढवायचा ते मोमो सेमेसा ठरवत. ते तिच्या आईच्या गावचे, म्हणून मोमो, म्हणजे मामाच. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती.

"मोमो, पाचवी जागा का सोडता? लिहायचंय."

मोमोंनी मान वर केली नाही. "तुला ठाऊक आहे."

"मला आहे हो. बाबूला नाही."

"मग नसू दे. असलं बोलायचं नसतं, पोरी. बोललं की ते येतं."

ठाऊक तर होतंच. उपचारासाठी सुवाला आलेलं बेटावरचं माणूस इथेच गेलं, तर त्याला घरी न्यायला ती जागा असे. बोट महिन्याकाठी एकच. पण कुणी मरायच्या आधीच त्याची जागा धरून ठेवली आहे, असं तोंडाने म्हणणार कोण? लाऊचा माणूस एक वेळ वादळाचं नाव घेईल, याचं घेणार नाही. अकानिसीने लिहायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी लिहिलं, 'पाचवी जागा साधारणपणे मोकळी असते.' शिकलीसवरलेली बाई, पण भीती काही शाळेचा दाखला बघत नाही.

नव्या बाबूने ते वाचलं आणि मोकळी जागा विकून टाकली. त्याचं काय चुकलं?

पुढची बोट सुटायच्या आदल्या दिवशी मोमोंची बायको लोसेना सुवाच्या इस्पितळात वारली. मला गावी न्या, लेकाच्या थडग्याशेजारी निजवा, एवढंच तिचं मागणं होतं. कमरेला सुतकाचं काळं वस्त्र, सुलू, गुंडाळून मोमो ऑफिसात आले. राजनीलने पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"मोमो, जागा नाही. पाचवीवर पाण्याच्या टाक्या चढल्यात. बाकीचा माल तर कधीच बांधून झालाय."

"टाक्या कुणाच्या?"

"तुमच्याच बेटाच्या. दुष्काळासाठी मागवलेल्या."

अकानिसी ताडकन उठली. "टाक्या उतरवू. मी बोलते कप्तानाशी."

"खाली बस," मोमो म्हणाले. "तिकडे पोरं शहाळ्यांवर दिवस काढताहेत. त्यांचं पाणी अडवून नेली, तर लोसेना उठून मला झोडपून काढेल." कुणालाच हसू आलं नाही. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू लिहिलं नव्हतंस?"

"नाही, मोमो."

ते उठून निघून गेले.

बोट टाक्या घेऊन गेली. बायकोला महिनाभर शवागारात ठेवणं मोमोंच्या जिवावर आलं. लोसेनाला सुवाच्याच टेकडीवर पुरलं, सगळ्या अनोळखी माणसांमध्ये. परतताना राजनील अकानिसीला म्हणाला, "तू कशाला मनाला लावून घेतेस? चूक बाबूची आहे." तिला त्याचा संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

काही दिवसांनी ती यांगोनाच्या, म्हणजे ज्यांचं मानाचं पेय करतात त्या, मुळ्यांची जुडी घेऊन मोमोंच्या घरी गेली. दारातच चटईच्या कडेला मान खाली घालून बसली आणि जुडी पुढे सरकवली. बेटांवर माफी अशीच मागतात. ती स्वीकारायची की नाही, हे समोरच्याच्या हातात. मोमोंनी जुडी परत केली असती, तर आईच्या गावात तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मोमोंनी जुडीला हात लावला आणि स्वीकारल्याची खूण म्हणून सावकाश टाळ्या वाजवल्या.

"तुझं तोंड मीच दाबलं," ते म्हणाले. "पण बाबूला सांगणारं दुसरं कुणी नाही, हे तुला कळत होतं ना?"

"होतं."

"मग उद्या जाऊन लिही. आडवळणाने नको, नाव घेऊन लिही. आणि भिऊ नकोस आता. जे यायचं होतं ते माझ्या घरी येऊन गेलं."

अकानिसीला रडू आवरेना, आणि मोमोंनी तिला आवर म्हटलंही नाही.