तिरुत्तणीची चढण आणि आरोग्यस्वामी

माझ्या गुडघ्यासाठी त्या वर्षी मद्रासमधल्या किती देवांना साकडं घातलं गेलं, हे आमच्या आईलाही सांगता आलं नसतं. पार्थसारथी घराजवळ, म्हणून पहिला मान त्याचा. मग मैलापूरचा कपालीश्वर, मग आमच्या देवघरातला मारुती, मग शेजारच्या मामींनी सुचवलेला कुठल्याशा पिंपळाखालचा गणपती. प्रत्येक ठिकाणाहून विभूती, कुंकू, तेल नाहीतर दोरा घरी येई आणि माझ्या कपाळावर नाहीतर गुडघ्यावर चढे. मी पलंगावर पडून छताकडे बघत असे. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. नसता तर बरं झालं असतं, निदान कुणाशी भांडायचं नसतं. देव आहे, त्याला सगळं दिसतं, आणि तरी त्याने हे होऊ दिलं, याचा मला संताप होता.

आमचं घराणं तंजावरचं. आजोबा नोकरीपायी मद्रासला आले आणि ट्रिप्लिकेनच्या एका अरुंद गल्लीत राहिले. घरात आम्ही जुनी तंजावरी मराठी बोलायचो, बाहेर तमिळ, कॉलेजात इंग्रजी. फुटबॉल मात्र मला या तिन्हींपेक्षा बरा येत होता. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. घरात आई आणि मी, एवढेच. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा चांगल्या खेळाडूला मोठ्या कंपन्या आपल्या संघासाठी नोकरीवर घेत. अशाच एका संघाच्या व्यवस्थापकांनी मला मैदानावर गाठून सांगितलं होतं, ‘परीक्षा संपली की ये.’ आईने त्या दिवशी पायसम, म्हणजे आपली खीर, केलं होतं.

परीक्षा राहिली दूर. आंतरकॉलेज सामन्यांचा अंतिम सामना होता. मी सेंटर फॉरवर्ड. चेंडू घेऊन गोलकडे वळलो तेव्हा समोरच्या संघाचा फुल बॅक, रॉयपुरमचा एक धिप्पाड मुलगा, घसरत आडवा आला. त्याने चेंडूलाच पाय घातला होता, हे मी आज म्हणू शकतो. माझा पाय वाळूत रुतला होता, वरचं अंग वळलं आणि गुडघा वळला नाही. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी बरेच दिवस उपचार केले आणि शेवटी स्पष्ट सांगितलं, “चालशील. बस पकडण्यापुरता धावशीलही. फुटबॉल विसर.”

आता या मुलाचं नाव ऐका. आरोग्यस्वामी! ख्रिस्ती लोकांच्या वेलांकन्नीच्या आरोग्यमातेवरून ठेवलेलं. ज्याने माझा पाय जन्माचा मोडला त्याचं नाव आरोग्य. देवाला विनोदबुद्धी आहे असं म्हणतात. मला तेव्हा ती मुळीच आवडली नाही. त्यात भर म्हणजे हा आरोग्यम मला भेटायला येऊ लागला. रॉयपुरमहून सायकल मारत संध्याकाळी यायचा, दारात चपला काढायचा आणि स्टुलावर बसायचा. माझ्या गुडघ्याकडे बघायचा, उसासा टाकायचा आणि खिशातून त्यांच्या चर्चमधल्या तेलाची बाटली काढून आईच्या हातात द्यायचा. आईही ते तेल भक्तिभावाने घ्यायची, वर त्याला चांदीच्या पेल्यात कॉफी द्यायची. तो पेला घरात पाहुण्यांसाठी राखलेला होता.

एकदा मी न राहवून तिला म्हणालो, “त्याने माझा पाय मोडला आणि तू त्याला चांदीच्या पेल्यात कॉफी देतेस?”

“मग काय पितळेच्या पेल्यात देऊ कां?” ती म्हणाली. “एवढ्या दुरून येतो तो. तुझे असके मित्र, झाडून सगळे, कोठे गेले, सांग पाहू.”

हे खरं होतं, म्हणून अधिकच झोंबलं. संघातली मुलं सुरुवातीला घोळक्याने आली, मग तुरळक, मग नाहीच. हा मात्र चुकेना. मी त्याच्याशी तुटक बोललो, भिंतीकडे तोंड करून पडलो, झोपेचं सोंग घेतलं. एकदा तर सरळ म्हणालो, “येत जाऊ नकोस.” त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी केळी घेऊन आला. अशा माणसाचं करायचं काय?

मी काठी घेऊन चालू लागलो तेव्हा आईने जाहीर केलं की ती तिरुत्तणीचा डोंगर अनवाणी चढणार. तिथल्या मुरुगनला, गणपतीच्या भावाला, तिने नवस बोलला होता, मुलगा पुन्हा खेळाला लागला की पायी चढून येईन म्हणून. मी म्हटलं, “अगं, पण मी खेळायला लागलोय कुठे?” तर म्हणे, देवाकडून आधी घ्यावं आणि मग द्यावं हा कसला व्यवहार? आपण आधी द्यावं. तिला दम्याचा त्रास होता. घराचा जिना चढली तरी ती मध्ये थांबायची. डॉक्टर, मामी, मी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. ऐकलं नाही. मला तर हे सगळं लाच दिल्यासारखं वाटत होतं, आणि तीही अशा अधिकाऱ्याला, जो काम करणार नाही हे आधीच ठरलं आहे. पण तिला एकटीला कशी सोडणार? काठी टेकत मीही निघालो. सेंट्रल स्टेशनवर गाडीत बसतो तोच खिडकीशी आरोग्यम उभा. आईनेच त्याला सांगितलं होतं. मी तिच्याशी अरक्कोणमपर्यंत बोललो नाही.

डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आईने चपला काढून आरोग्यमकडे दिल्या. तो आमच्याबरोबर निघणार तोच मी म्हणालो, “तू इथेच थांब. हा तुझा देव नव्हे.” आईने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर खाली मान घातली असती. आरोग्यम चपला घेऊन एका दगडी खांबाला टेकून बसला.

आम्ही चढू लागलो. आई दोन-चार पायऱ्या चढायची, थांबायची, नाव घ्यायची. मी काठी वरच्या पायरीवर टेकायचो, चांगला पाय उचलायचो, मग दुखरा ओढून घ्यायचो. कावडी खांद्यावर घेतलेली माणसं ‘अरोहरा’ असा मुरुगनचा गजर करत भराभर पुढे निघून जात होती. त्या धडधाकट पोटऱ्या बघून माझं डोकं आणखी तापत होतं. मनातल्या मनात मी मुरुगनशी भांडत होतो. तू म्हणे सेनापती, तू तरुण, सगळ्या जगाला फेरी मारणारा. तुला पायाची किंमत कळायला हवी होती. एक म्हातारी बाई तापल्या दगडावरून तुझ्याकडे येते आहे, आणि तू वर गार गाभाऱ्यात बसला आहेस!

अर्ध्याहून बरंच वर आलो असू. आई एकाएकी खाली बसली. आधी मला वाटलं, नेहमीसारखी थांबली असेल. मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ओठ काळपट पडले. ती हाताने हवा ओढावी तसं काहीतरी करत होती. मी तिच्याकडे धाव घेतली. धाव म्हणजे काय, सवयीने पाय टाकला, गुडघा निसटला आणि मी तिच्या बाजूलाच आपटलो. काठी गडगडत खाली गेली.

लोक जमले. त्यांच्याबद्दल वाईट बोलू नये, देवदर्शनाला आलेली मंडळी. पण प्रत्येकाकडे सल्ला होता. कुणी म्हणे लिंबू हुंगवा, कुणी म्हणे आडवं करा, कुणी म्हणे आडवं मुळीच करू नका. एक गृहस्थ मला विचारत होते, कोणत्या गावचे, आणि असं असताना बाईंना आणलंत कशाला. मी ओरडत होतो, “कुणीतरी उचला हो तिला!” आणि दोन बाजूंनी दोघे वाकले की तिसरा त्यांना थांबवत होता. आईचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते प्रार्थना म्हणण्याइतकं शहाणं नव्हतं. मी म्हणालो, घे तो गुडघा. दोन्ही घे. मी आता काहीच मागत नाही, काही बोलतही नाही, हिला श्वास दे. एवढे महिने मी मनात एक मूठ आवळून धरली होती. ती त्या क्षणी उघडली. मी उघडली असं म्हणणार नाही, तिच्यात बळच राहिलं नव्हतं.

आणि गर्दीतून आरोग्यम वर आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. माझा आवाज खाली पोहोचणं शक्य नव्हतं. त्याच्या हातात आईच्या चपला होत्या. पुढे विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “खाली दगड तापला, माझेच पाय भाजायला लागले. म्हटलं अम्माला चपला नेऊन द्याव्यात. शिव्या दिल्यास तर दिल्यास.” बस, इतकंच. यात चमत्कार आहे की नाही हे मी कुणाला पटवायला जात नाही. तो त्या वेळी तिथे आला, हे मी पाहिलं आहे.

त्याने कुणाला काही विचारलं नाही. चपला माझ्या मांडीवर टाकल्या, आईला उठवून बसवलं, तिच्यापुढे पाठ करून वाकला आणि तिला पाठीवर घेतलं.

“खाली ने, खाली!” मी ओरडलो.

“वर जवळ आहे. सावली आहे, पाणी आहे,” तो म्हणाला. “आणि अम्माला वरच जायचंय.” मग जरा वळून, “तू इथून हलू नकोस. मी येतो.”

तो गेला. गर्दीही त्याच्यामागे सल्ले देत गेली. मी त्या पायरीवर एकटा, मांडीवर आईच्या चपला घेऊन. आई जगली की नाही हे कळायला मार्ग नव्हता आणि वर जायला पाय नव्हते. तेवढा वेळ मी कसा काढला ते सांगता येणार नाही. तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता, पण चेहरा बघूनच मला कळलं. “बसली आहे. श्वास लागतोय अजून, पण कमी झालाय. तुला बोलावतेय,” तो म्हणाला, आणि माझ्यासमोर पाठ करून बसला.

मी म्हणालो, मी चालेन. उठायला गेलो आणि पुन्हा खाली बसलो. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. शेवटी मी त्याच्या पाठीवर चढलो. कॉलेजच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड, ज्याला अडवायला दोन-दोन बॅक लागायचे, तो भर दुपारी, सगळ्या यात्रेच्या देखत, लहान मुलासारखा पाठीवर. लाजेने मी अंग आवळून घेतलं, त्याच्या मानेला गच्च मिठी मारली. चार पायऱ्या चढून तो थांबला. त्याला दम लागला होता.

“अरे, इतकं धरू नकोस,” तो म्हणाला. “गळा आवळतोयस माझा. तू असा ताठ राहिलास तर मला चढता येत नाही. अंग सोड. मी धरलंय ना तुला.”

मी अंग सोडलं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणि मला रडू आलं, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. तो चढत राहिला. आता त्याला माझं ओझं कमी वाटत होतं हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. माझं वजन तर तेवढंच होतं.

वर मंडपाच्या सावलीत आई खांबाला टेकून बसली होती. कुणीतरी तिला गरम पाणी दिलं होतं. दर्शनही तिला तिथूनच, दूरवरून झालं. गुरुजींनी विभूती आणून दिली. आईने आधी माझ्या कपाळाला लावली, मग आरोग्यमच्या. त्याने डोळे मिटून लावून घेतली आणि मग आपल्या पद्धतीने छातीवर क्रूसाची खूणही केली. आईला यात काही विशेष वाटलं नाही.

तिथे बसलो असताना मी त्याला विचारलं, “तुझा सराव कसा चालू आहे?” बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून. सराव बंदच होता. त्या सामन्यानंतर त्याने चेंडूला पाय लावला नव्हता. संघाने बोलावलं, वडिलांनी मारलं, तरी नाही. म्हणाला, “तू उठून खेळशील तेव्हा मीही खेळेन, असं मी मातेला सांगितलंय.”

मला इतका राग आला! “मूर्खा,” मी म्हणालो, “मी खेळणार नाहीये. कधीच नाही. तू घरी बसून राहिलास तर माझा गुडघा जुळणार आहे का? एक गेला तेवढा पुरे नाही?” ‘कधीच नाही’ हे शब्द मी त्या दिवसापर्यंत उच्चारले नव्हते. ते उच्चारले आणि आभाळ काही कोसळलं नाही. आई हलक्या आवाजात म्हणाली, “आरोग्यम, त्याचं ऐक. खेळाला जा.”

तो खेळायला गेला. पुढच्या वर्षी त्या कंपनीच्या संघात त्याला घेतलं, त्याच संघात, जिथे मला जायचं होतं. त्याच्या पहिल्या सामन्याला मी काठी घेऊन मैदानाच्या कडेला बसलो होतो. हेवा वाटला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण तो चेंडू अडवून उठला तेव्हा मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो, हेही तितकंच खरं. मी शाळामास्तर झालो. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली आणि नवस फळला असं सगळ्यांना सांगत राहिली. कुठला नवस, असं विचारलं की हसायची.

माझा गुडघा बरा झाला नाही. आज इतक्या वर्षांनीही पाऊस यायच्या आधी मला कळतं. देवावर मी अजूनही चिडतो. स्वभाव कुठे जातो? अडचण आली की मी आधी अंग ताठ करतो, भांडतो, हजार प्रश्न विचारतो. पण त्या दुपारपासून एक झालं आहे. भांडून थकलो की मी खांदे सैल सोडतो आणि थोडा वेळ गप्प बसतो. दर वेळी रस्ता दिसतोच असं नाही. पण कुणीतरी आपल्याला पाठीवर घेऊन चढतं आहे, आणि आपण त्याचा गळा सोडला तर त्याला चढणं सोपं जातं, एवढं मला माझ्या अंगाने कळलेलं आहे. त्यासाठी मी मुरुगनचा ऋणी आहे आणि त्या आरोग्यमातेचाही. दोघांत आरोग्यमला कुणी पाठवलं, ते त्यांचं त्यांनी पाहावं.