चमचा, वाटी, ताट, हंडा

धडाममामांनी आयुष्यात कधी हळू बोलून पाहिलं नव्हतं असं नाही. एकदा पाहिलं होतं. तेव्हा मामींनी घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

एकतीस वर्षं मामा बँडमध्ये मोठा ड्रम वाजवत. गळ्यात पट्टा, पोटावर ड्रम आणि उजव्या हातात टोकाला कापडाचा गोळा बांधलेली काठी. पुढे बँड मोडला, ड्रम माळ्यावर गेला, पण आवाज काही माळ्यावर जाईना. मामा भाजीवाल्याशी घासाघीस करत, तेव्हा चौथ्या घरातल्या बाईंना घरबसल्या भाव कळे. असा माणूस वाचनालयाच्या ‘शांत तासा’साठी गाणी तपासतो, हे ऐकून नवखा माणूस हसतो. हसू दे बापडा. आधी सगळेच हसले होते.

शांत तास असतो दर रविवारी सकाळी. ज्यांना आवाज सोसत नाही अशी माणसं तिथे येतात. कुणाचं डोकं ठणकतं, एका काकूंना मिक्सर लावला की रडू फुटतं, आणि एक निवृत्त शिक्षक तर फळ्यावर खडू कसा करकरायचा हे नुसतं आठवलं तरी कानांत बोटं घालतात. पण गाणं त्यांनाही हवं असतं. त्याने अचानक अंगावर येऊ नये, इतकंच. म्हणून प्रत्येक गाण्याआधी सगळ्यांना एक चिठ्ठी मिळते: कुठे काय येणार आणि ते किती दचकवणार. चिठ्ठ्या लिहायला माणूस शोधताना ग्रंथपालबाईंनी मामांचं नाव काढलं, तेव्हा वाचनालयाची समितीही हसली. बाई म्हणाल्या, "चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक." विषय तिथेच संपला.

बाईंनी मामांना आवाज मोजायचं यंत्रही दिलं होतं. मामांनी ते दोन दिवस वापरून परत केलं.

"हे नुसतं मोठा किती ते सांगतं," मामा म्हणाले. "दचकवतो किती, ते याच्या बापाला कळत नाही!"

मग त्यांनी मामींच्या मांडणीवरून स्वतःची मापं काढली. चमचा, वाटी, ताट, हंडा. ती वस्तू पाठीमागे न सांगता फरशीवर पडली तर माणूस जेवढा दचकेल, तेवढं ते माप. त्यात ताटं दोन जातींची, पडून गप्प बसणारं आणि पडल्यावर गरगरत राहणारं. झांजा बहुधा दुसऱ्या जातीत जायच्या. बाईंच्या टेबलामागे एक मोठं घड्याळ होतं, दर गाण्याला शून्यापासून सुरू होणारं. चिठ्ठीवर ‘एक मिनिट बारा सेकंद: ताट, गरगरणारं’ असं लिहिलेलं असलं की शिक्षक एक मिनिट दहा सेकंदांना निवांतपणे कानांत बोटं घालत.

प्रत्येक गाणं मामा तीनदा ऐकत. एकदा कानांनी. दुसऱ्यांदा स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून, कारण त्यांचा उजवा कान बँड मोडायच्या आधीच निवृत्त झाला होता. आणि तिसऱ्यांदा मामींच्या सुरीवरून. मामी भाजी चिरत बसायच्या आणि मामा स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन. सुरी अडखळली तर वाटी, थांबली तर ताट. मामींनी सुरी खाली ठेवून मामांकडे बघितलं, तर हंडा. अशा वेळी मामा आधी गाणं बंद करत आणि मग लिहीत.

एवढा खटाटोप कुणासाठी, ते मामा बोलून दाखवत नसत, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची नात, लेकीची लेक, आठ वर्षांची. शेजारच्या खोलीत कुणी वर्तमानपत्र उलगडलं तरी तिचे खांदे वर जायचे. आवाज अडवणारे जाडजूड निळे हेडफोन सदा कानांवर. आजोबांवर तिचा राग नव्हता, पण आजोबा आले की ती उठून दुसऱ्या खोलीत जाई. मामांना ते फार लागत असे. शांत तासाला मात्र ती न चुकता यायची, शेवटच्या रांगेत बसायची आणि कुणी जवळ बसू नये म्हणून शेजारच्या खुर्चीवर दप्तर ठेवायची. मामा दाराशी उभे राहून लांबूनच बघत. तिने चिठ्ठी वाचून मान डोलावली की त्यांचा आठवडा सार्थकी लागे. दप्तराच्या त्या खुर्चीवर मात्र त्यांचा डोळा होता.

अशात जुन्या क्लॅरिनेटवाल्याने बँडचं एक रेकॉर्डिंग पाठवलं. दोन मिनिटं एकटं क्लॅरिनेट, अगदी मऊ, आणि मग दोन मिनिटं चार सेकंदांना मामांचा ड्रम. ऐकून मामांचे डोळे भरून आले. नातीने आपल्याला एकदा तरी वाजवताना ऐकावं, एवढीच त्या माणसाची हाव होती. त्यांनी गाणं कानांनी ऐकलं. मग तळहाताने ऐकलं, आणि तळहाताला जे कळलं ते पँटला पुसून टाकलं. तिसऱ्या ऐकण्याची वेळ आली तेव्हा मामींना म्हणाले, "अगं, साबण संपलाय ना? घेऊन ये जा."

"अर्धी वडी आहे की अजून."

"अर्धी म्हणजे संपल्यातच जमा!"

मामी गेल्या. मामांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘दोन मिनिटं चार सेकंद: वाटी.’ मग वाटी खोडून चमचा केला. दुसऱ्याच्या बासरीलाही ताट द्यायला मागेपुढे न बघणारा हा माणूस! पण आपला तो बाब्या.

रविवारी बाईंनी गाणं लावलं. नातीने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. दोन्ही हातांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. सबंध गाण्यात एकच चमचा, आणि आजोबांची चिठ्ठी कधी खोटी निघाली नव्हती.

घड्याळात एक मिनिट पन्नास. मामांनी दारातून बाईंना हातवारे केले. बाईंना वाटलं, स्वारी खुशीत ठेका धरतेय. त्यांनीही हसून मान डोलावली. मामा चवड्यांवर धावत सुटले. एक मिनिट अठ्ठावन्न. वाटेत शिक्षकांनी पाय पसरले होते. मामा आडवे झाले आणि पडता पडता त्यांनी सगळी छाती पणाला लावली:

"थांबवाऽऽ! हंडा आहे, हंडाऽऽ!"

बाईंनी दचकूनच बटण दाबलं. ड्रम वाजला नाही, आणि आता त्याची गरजही उरली नव्हती. शिक्षक टेबलाखाली गेले होते. मिक्सरवाल्या काकूंना रडू फुटलं होतं. नात डोळे गच्च मिटून, हेडफोन कानांवर दाबून बसली होती.

"चूक माझी आहे," मामा फरशीवरूनच म्हणाले. "चिठ्ठी खोटी लिहिली मी. तो ड्रम माझाच."

"तरीच साबण!" दुसऱ्या रांगेतून मामी म्हणाल्या.

नात आईचा हात धरून निघून गेली. मामांनी राजीनामा लिहून दिला. बाईंनी तो वाचून परत केला आणि म्हणाल्या, "आधी ती चिठ्ठी दुरुस्त करा." चार दिवस मामांच्या घरातून आवाज आला नाही. चौथ्या घरातल्या बाई काळजीने डोकावून गेल्या.

शुक्रवारी लेक एक कागद घेऊन आली. नातीच्या अक्षरात, मामांच्या चिठ्ठीसारखाच आखलेला:

‘आजोबा: हंडा. आधी सांगून पडले तर चालतील.’

मामांनी तो मामींना वाचून दाखवला. मामींची सुरी थांबली.

रविवारी मामा दारात उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. पाच बोटं. चार. तीन. शेवटच्या रांगेत नातीने हेडफोन नीट बसवले. दोन. एक.

"आलो गंऽ!" मामा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. शिक्षकांची बोटं वेळेवर कानांत गेली होती.

नातीचे खांदे जरासे उडाले आणि खाली आले. मग तिने शेजारच्या खुर्चीवरचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं.