हिवाळा नको म्हणणाऱ्या प्रज्ञाताई

प्रज्ञाताई मेश्राम गेल्याची बातमी मला एका फ्लेमिंगोनं सांगितली. आमच्या समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा फोटो आला. भोवती झेंडूची चौकट, खाली जोडलेले हात आणि कोपऱ्यात गुलाबी फ्लेमिंगो. ज्या बाईनं नोकरीतली शेवटची वर्षं आणि निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य सारस पक्ष्यापायी झिजवलं, तिच्या श्रद्धांजलीत निदान सारस घालावा, एवढंही या पक्षिप्रेमी मंडळींना सुचलं नाही. लांब पायांचा जो पहिला सापडला तो चिकटवून दिला. खाली धडाधड 'ओम शांती' सुरू झालं. ताई बौद्ध होत्या, हे वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसून काजू खाणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात नव्हतं. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "राहू द्या हो कुलकर्णी. ज्यांना पक्षी ओळखता येत नाही, ते माणूस काय ओळखणार?" मी फोन पालथा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर संताप जास्त होता.

आमची ओळख दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरमधली. सरकारी क्वार्टर, त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. मी केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, त्या सरकारी नोकरीतच कीटकशास्त्रज्ञ. मूळच्या गोंदियाकडच्या, भाताच्या मुलखातल्या. त्यांचे वडील शाळामास्तर होते, थोडी शेती होती. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सारसानं घरटं केलं की वडील भोवतीचा तेवढा तुकडा कापायचेच नाहीत, असं त्या सांगायच्या, आणि लगेच पुढे, "त्यासाठी त्यांना कुठली समिती लागली नाही." जिभेला हाड नव्हतं बाईंच्या. आयएनए मार्केटमधला मासेवाला त्यांना लांबून पाहूनच शिळा माल टोपलीखाली ढकलायचा. कॉलनीत धूरफवारणीची गाडी आली की त्या खिडकीतून ओरडायच्या, "डास नाल्यात आहेत, तुम्ही धूर गुलाबांना देताय!" लोकांना वाटायचं, बाई तुसडी आहे. होतीच. पण खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि दिल्लीत राहून हे साधणं सोपं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना सारसांसाठीच्या त्या सरकारी समितीवर घेतलं आणि योगायोगानं बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. ग्रेटर नोएडाच्या पलीकडे एक पाणथळ जागा आहे, भोवती भातशेती. तिथे सारसाच्या काही जोड्या अजून तग धरून आहेत. शेतांतल्या कीटकनाशकांवर मर्यादा घालून हे पक्षी वाचवता येतील का, हे समितीनं ठरवायचं होतं. ठरवायचं काय, समोर दिसत होतं. सारस घरटं करतो पावसाळ्यात, भाताच्या पाण्यात. पिल्लं तिथलेच किडे, गोगलगायी खाऊन वाढतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत खोडकिड्यासाठी शेतात विषारी दाणे फेकतात. ताईंची मागणी एका ओळीची होती. पाणथळीला लागून असलेल्या शेतांत पावसाळ्याचे चार महिने हे विष बंद ठेवा, आणि तेवढ्या शेतकऱ्यांचं जे नुकसान होईल ते सरकारनं भरून द्या.

अध्यक्ष निवृत्त बडे अधिकारी. नाव लिहीत नाही, लिहिलं तर कात्रण फ्रेम करून घेतील. अंगात असंख्य खिशांचं जाकीट, गळ्यात तोफेएवढी लेन्स. हिवाळ्यात दर रविवारी गाडीनं पाणथळीवर जायचं, परदेशी बदकांचे फोटो काढायचे, थर्मासमधली कॉफी प्यायची, दुपारी घरी यायचं. याला ते 'फील्ड' म्हणायचे. बाकीचे सदस्यही त्याच गाडीतले. ताईंनी पावसाळा म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी चिखल उडवल्यासारखा भाव यायचा. मग कुणाला तरी आणखी एक अभ्यास हवासा वाटायचा, कुणाला कीटकनाशक कंपन्यांचं म्हणणं ऐकावंसं वाटायचं, आणि समोसे यायचे. शेवटी अध्यक्षांना तोड सुचली. बंदी घालायची, पण हिवाळ्यात! नोव्हेंबर ते फेब्रुवारी. "मॅडम, बर्ड सीझन तो वही है ना," ते म्हणाले. ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, वो आपका सीझन है. चिड़िया का नहीं."

हिवाळ्यात तिथे भात उभाच नसतो, त्यामुळे दाणेही कुणी फेकत नाही. जे कुणी करतच नाही त्याच्यावर बंदी. शेतकऱ्याची तक्रार नाही, कंपनीला तोटा नाही, सरकारला भरपाई नाही, आणि वर पक्षी वाचवल्याचं पुण्य. इतका बिनखर्चाचा पुरुषार्थ मी सरकारी नोकरीतही क्वचितच पाहिला. सगळ्या सदस्यांनी माना डोलावल्या. ताईंनी सही केली नाही. समितीचा शिरस्ता असा, की निर्णय एकमतानं झाला तरच पुढे जायचा. त्यामुळे कागद अडला आणि बाई 'अडेलतट्टू' ठरल्या.

एका ऑगस्टमध्ये त्या मला तिथे घेऊन गेल्या. म्हणाल्या, "नुसतं बसून लिहिता, एकदा बघा तरी." उकाडा असा, की श्वास घेणंही जड. बांधावरून घसरत, चिखलात चपला हरवत आम्ही पोचलो. आदल्या दिवशी शेतात दाणे पडले होते. घरट्याजवळ सारसाची जोडी उभी होती, माणसाएवढी उंच, लाल डोक्यांची. आम्ही जवळ गेलो तरी हलेनात. पाण्यात पिल्लू पडलं होतं... बदामी रंगाचं, कोंबडीच्या पिलाहून थोडं मोठं. नर मधूनच वाकून त्याला चोचीनं ढोसायचा आणि मागे सरून वाट बघायचा. मला ते बघवेना. ताईंनी डोळे पुसले नाहीत. त्या बांधावर बसल्या. शेताचा मालक मोटरसायकलवरून आला, बिचारा ओशाळला. "मॅडमजी, दवाई तो सब डालते हैं," म्हणाला. त्याला त्या एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. परतताना गाडीत मला म्हणाल्या, "त्याचं पीक जातं, म्हणून तो टाकतो. त्याला निदान कारण आहे. आपल्या त्या खिसेवाल्यांना काय कारण आहे?"

गेल्या हिवाळ्यात त्यांना कॅन्सर निघाला. उन्हाळ्यात अध्यक्ष हॉस्पिटलात भेटायला आले. हातात फुलं, काखेत कागद. मी तिथेच होतो. सही करा, म्हणाले, तुमचं नाव देऊ बंदीला. मरणाऱ्या माणसाला नावाचा मोह पडतो, असा त्यांचा हिशेब असावा. ताईंनी फुलं घेतली, कागद परत केला. ते गेल्यावर धाप लागत लागत मला म्हणाल्या, "नसलेली बंदी परवडते हो, कुलकर्णी. उद्या कुणीतरी मागू शकतं. पण ही हिवाळ्याची एकदा निघाली, की पावसाळ्याचं नाव कुणी काढणार नाही. विचारलं की सांगतील, झालं की काम... माझ्या नावानं सांगतील." ती आमची शेवटची नीट भेट. सप्टेंबरात त्या गेल्या.

घरच्यांनी पुण्यानुमोदन साधेपणानं केलं. समितीची श्रद्धांजली सभा मात्र थाटात झाली. एसी हॉल, स्टेजवर फुलं, मागे पडद्यावर पुन्हा तोच फ्लेमिंगो. अध्यक्षांनी आवाज ओला केला आणि जाहीर केलं, की प्रज्ञाजींचं स्वप्न समितीनं एकमतानं पूर्ण केलं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विषारी दाण्यांवर बंदी, पाणथळीवर त्यांच्या नावाचा फलक. एकमत होणारच. एकच मत आड होतं, ते आम्ही नुकतंच जाळून आलो होतो. श्रद्धांजली सभेत टाळ्या वाजल्या. बाई जिवंत असेपर्यंत सही मिळाली नाही म्हणून ती मेल्यावर तिचं नावच उचललं या भुरट्यांनी. मी उठून म्हणालो, "ताईंनी हे नाकारलं होतं." अध्यक्षांनी हात जोडले, म्हणाले, "कुलकर्णीजी भावुक हो गए हैं," आणि चहाची घोषणा केली.

ताईंची मुलगी मैत्रेयी पहिल्या रांगेत होती. दिल्लीत वाढलेली, बँकेत नोकरी. तिनं शाल घेतली, 'थँक यू' म्हणाली, बसली. मला तिचाही राग आला. चिमणी आणि कावळ्यापलीकडे हिला काय कळतंय, असं वाटलं.

गेल्या आठवड्यात तिनंच बोलावलं म्हणून त्यांच्या नोएडातल्या घरी गेलो. ताईंच्या खोलीत बसलो. खोली तशीच आहे, पलंगाखाली चिखलाचे गमबूट आहेत, मैत्रेयीनं ते धुतलेले नाहीत. "काका, फलकावर आईचं नाव टाकायला फॅमिलीची लेखी परमिशन लागते म्हणे," ती सांगत होती. "रोज फोन येतात यार त्यांचे." तेवढ्यात आलाच. तिनं स्पीकरवर टाकला. अध्यक्षांचे स्वीय सहायक होते. कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ठेवू या का, विचारत होते. ऊन छान असतं, मिनिस्टरसाहेबही येतील.

"नहीं," मैत्रेयी म्हणाली. "पहले महीने बदलिए. बारिश के महीने लिखिए, फिर नाम लीजिए. और प्रोग्राम अगस्त में रखिए, धान के खेत में. सर को बोलिए पानी में खड़ा होना पड़ेगा."

पलीकडून ते गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, अगस्त में वहाँ कोई नहीं होता."

"सारस होते हैं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग माझ्याकडे वळून, अगदी आईच्या तुसड्या आवाजात, "काका, चहा घेणार ना? की तुम्हीपण हिवाळ्यातच घेता?"